बरोबरी मान्य

डाव सुरू झाला तेव्हा मास्तरांचा उजवा हात चालत होता. पहिली तीन कार्डं त्यांनी स्वतः लिहिली, आपल्या तिरक्या, घाईच्या अक्षरात, आणि संध्याकाळी फिरायला जाताना स्वतःच कोपऱ्यावरच्या पेटीत टाकली. चौथ्या कार्डाच्या आधी त्यांना झटका आला. उजवं अंग लुळं पडलं, जीभ जड झाली. बुद्धिबळ संघटनेनं आजारपणासाठी दोन महिन्यांची सवलत दिली.

मास्तर शाळेत भूमिती शिकवायचे. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती, तरी टक्कल पडलेली माणसं अजून त्यांना रस्त्यात पाहून सिगरेट लपवत. त्यांना नाद एकच, टपाली बुद्धिबळाचा. दोघांनी दोन गावांत आपापल्या घरी पट मांडायचा. एकानं आपली चाल कार्डावर लिहून पाठवायची, दुसऱ्यानं उत्तर पाठवायचं. चाल म्हणजे नुसते चार आकडे: मोहरा निघाला त्या घराचे दोन, पोचला त्या घराचे दोन. एकेक डाव वर्ष-दीड वर्ष चालायचा. समोरासमोर बसून खेळणं मास्तरांनी कधीच सोडलं होतं. "समोर बसलं की लोक तोंडं करतात," असं ते म्हणत.

खरं कारण वेगळं होतं, आणि ते त्यांच्या मुलीला ठाऊक होतं. तिला घरात ताई म्हणत. ती काम करायची त्या लॅबमध्येही ताईच म्हणत, कारण तिथं सगळ्यांत जुनी तीच. दातांच्या डॉक्टरांकडून जबड्यांचे ठसे यायचे. त्यांवरून प्लास्टरचे साचे काढायचे, मेणात दात बसवायचे आणि कवळ्या घडवायच्या, हे तिचं काम. वय एकेचाळीस. लग्न झालं नव्हतं, आणि का झालं नाही हे विचारायचं आता लोकांनी सोडलं होतं.

मास्तरांनी तिला ती नऊ वर्षांची असताना पट शिकवला, स्वतःला सरावाला कुणी तरी हवं म्हणून. तेराव्या वर्षी तिनं एका आठवड्यात त्यांना तीनदा हरवलं. तिसऱ्यांदा हरल्यावर त्यांनी मोहरे डबीत भरले आणि म्हणाले, "तू फार घाई करतेस. तुझ्याशी खेळण्यात राम नाही." त्यानंतर तिच्यासमोर त्यांनी पट कधी मांडला नाही. धाकट्या भावाला बसवलं. त्यानं दोन वर्षं जांभया देत ते सोसलं आणि एक दिवस घोड्याचं कान तुटलेलं डोकं खिशात घालून तो जो खेळायला पळाला तो परत पटावर आला नाही. मग मास्तर टपालाकडे वळले.

पट मात्र बाहेरच्या खोलीत खिडकीखाली कायम मांडलेला असे. ताई रोज सकाळी त्यावरची धूळ पुसायची आणि पुसता पुसता डाव बघायची. बापाची पुढची चाल काय असेल, ती कुठे चुकणार आणि त्याऐवजी काय करायला हवं, हे तिला फडकं हातात असतानाच दिसायचं. अठ्ठावीस वर्षं मास्तर पटावर हरत होते आणि ताई त्याच डावांत मनातल्या मनात जिंकत होती. कुणाला सांगणार? सांगायची सोयच नव्हती.

या खेपेला मास्तरांच्या वाट्याला इंजिनिअर आले होते. पूल बांधणारे इंजिनिअर, चार वेळा टपाली स्पर्धा जिंकलेले. गेल्या तीन वर्षांत ते एकही डाव हरले नव्हते, की त्यांनी एकही बरोबरीत सोडला नव्हता. मास्तरांनी मात्र नेहमीचीच सुरुवात केली. आयुष्यभर पांढऱ्या बाजूनं ते तीच करत आले होते: राजापुढचं प्यादं, मग उंटापुढचं प्यादं फुकट, मग घोडाही फुकट, आणि मग समोरच्या राजावर तुटून पडायचं. पुस्तकांत ही सुरुवात धाडसी म्हणून दिलेली होती आणि पुढच्याच वाक्यात बेभरवशाची म्हणून. मास्तर तिच्यात बहुतेक वेळा हरत. "हरलो तरी माणसासारखा हरतो," म्हणत.

दवाखान्यातून घरी आल्यावर ते सांगायचे आणि ताई लिहायची. चौथी, पाचवी आणि सहावी चाल अशीच गेली. जीभ अडखळे, पण त्या चाली त्यांच्या हाडात भिनलेल्या होत्या. सातव्या चालीच्या वेळी ताईनं त्यांची खुर्ची खिडकीशी ओढली आणि कार्ड घेऊन बसली.

"घोडा," मास्तर म्हणाले. "घोडा पुढे घे."

"कुठला घोडा, बाबा?"

"राजाच्या बाजूचा."

तो घोडा दोन कार्डांपूर्वीच मारला गेला होता. "तो आपण दिला ना," ताई म्हणाली.

"कुणाला दिला?"

"इंजिनिअरांना."

"कशाला?" मास्तर चिडले. "विचारल्याशिवाय घरातली वस्तू देतेस? परत माग."

ताईला हसू आलं. मग त्यांचा चेहरा पाहून ते ओसरलं. ते थट्टा करत नव्हते. पटाकडे ते असे बघत होते, जसं एखाद्यानं दुसऱ्याच्या घराच्या कुलपाला आपली किल्ली लावून पाहावी. थोड्या वेळानं ते खुर्चीतच पेंगले. ताईनं कार्डावर लिहिलं: ५४५५. राजापुढचं प्यादं एक घर पुढे. खाली त्यांचं नाव घातलं आणि लॅबला जाताना कार्ड टाकलं.

एवढंच झालं. नियमात दुसऱ्यानं खेळलेलं चालत नाही, हे तिला माहीत होतं. पण डाव सोडून देतो असं लिहिलं असतं, तर मास्तरांना ते कसं सांगायचं? असं तिनं स्वतःला बजावलं, आणि ते खोटंही नव्हतं. पुरतं खरंही नव्हतं. कार्ड पेटीत पडल्याचा आवाज ऐकताना तिच्या छातीत जे धडधडलं, त्यात बापाची काळजी फारशी नव्हती.

तिथून पुढचा सगळा डाव तिचा. सकाळी मास्तरांची अंघोळ आणि औषधं झाली की पंधरा मिनिटं पटापाशी. दुपारी लॅबमध्ये डबा खाऊन झाला की साच्यांच्या फळीवर प्लास्टर झटकून ती खडूनं पट आखायची आणि खोट्या दातांचे मोहरे मांडायची. दाढा म्हणजे हत्ती, सुळे म्हणजे उंट. मालकांनी एकदा विचारलं, "ताई, ही कुणाची कवळी?" ती म्हणाली, "एका इंजिनिअराची. बसत नाहीये अजून."

दहाव्या चालीनंतर ती अडली. हल्ल्याच्या ज्या ज्या वाटेनं ती जाऊन पाही, तिथं एकच गोष्ट आडवी येई: काळ्याचा वजीर मध्येच तिच्या राजाला तिरका शह देई आणि सगळा हल्ला फुकट जाई. पुस्तकं इथून पुढे तीन वाटा देत होती आणि तिन्ही शेवटी फसत होत्या. नियमानं विचाराला तीन दिवस मिळत. तिसऱ्या दिवशी, एका म्हातारीच्या वरच्या जबड्यात मेण भरताना, तिला उत्तर सुचलं. हल्ला थांबवायचा. एक घोडा आणि दोन प्यादी गेलेली, समोरचा राजा उघडा पडलेला. अशा वेळी आपला राजा उचलायचा आणि एक घर सरकून कोपऱ्यात ठेवायचा. बस्स. तो शहच नाहीसा होत होता. मग हत्ती येणार, उरलेला घोडा येणार, आणि काळ्याला मदतीला येऊ शकेल असा मोहराच सापडणार नव्हता.

तिनं दोनदा तपासलं. हातातलं मेण घट्ट झालं. ते खरवडून पुन्हा भरावं लागलं. कार्डावर तिनं लिहिलं: ७१८१.

इंजिनिअर एका दिवसात उत्तर देणारे. या वेळी त्यांनी तिन्ही दिवस घेतले. कार्ड आलं तेव्हा चार आकड्यांखाली बारीक अक्षरात एकच शब्द होता: सुंदर.

ते कार्ड आठवडाभर तिच्या एप्रनच्या खिशात होतं. एकेचाळीस वर्षांत तिला असं काही कुणी म्हटलं नव्हतं. आणि हेही तिच्या नावावर आलेलं नव्हतं.

डाव पुढे वर्षभर चालला. मास्तरांची जीभ हळूहळू सुटली. डोकं काही दिवस लख्ख असायचं, काही दिवस धुकं. लख्ख दिवशी ते विचारायचे, "काय म्हणतोय इंजिनिअर?" ती पट दाखवायची. "हं," ते म्हणायचे. "मी सांगितलं होतं तसंच चाललंय." ती हो म्हणायची. त्यांना तेवढाच आधार, असं तिला वाटे.

चोविसाव्या चालीला तिनं वजीर असा आणून बसवला की काळ्यानं काहीही केलं तरी सहा चालींत त्याचा वजीर जाणार होता आणि मागोमाग राजा. तिनं हे तीन सकाळी आणि तीन दुपारी तपासलं. कुठे फट नव्हती. कार्ड टाकून ती उत्तराची वाट बघत राहिली.

ते उत्तर शनिवारी आलं. शनिवारी लॅब अर्धा दिवस असे, पण एका वकिलाची कवळी तुटली होती आणि सोमवारी त्याला कोर्टात दात लावून उभं राहायचं होतं. म्हणून ताई उशिरापर्यंत थांबली. घरी आली तेव्हा पावणेसहा वाजून गेले होते. दारात भावाचे बूट होते. भावाचं फरशांचं दुकान होतं. तो महिन्यातून एखाद्या शनिवारी अर्धा तास येऊन बापाच्या पायाशी बसायचा आणि जाताना ताईला सांगायचा की बाबांची तब्येत जरा उतरल्यासारखी वाटते. आज मात्र आत हशा चालला होता. टेबलावर केक कापून ठेवला होता आणि मास्तरांच्या हनुवटीला क्रीम लागलं होतं.

"ताई! ये, ये," भाऊ म्हणाला. "बाबांनी बाजी मारली. इंजिनिअरनं गुडघे टेकले!"

"काय झालं?"

"कार्ड आलं. बरोबरी सुचवतो म्हणाला. चार वेळचा विजेता, आणि आपल्या बाबांना बरोबरी सुचवतो! मी वाचून दाखवलं तर बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं गं."

"मग?" ताईनं विचारलं.

"मग काय? मी लिहिलं, 'बरोबरी मान्य.' बाबांनी सही केली. डाव्या हातानं! आणि केक आणायला गेलो तेव्हा टाकूनही आलो. उगाच त्यानं मन बदललं म्हणजे?"

ताईनं पिशवी खाली ठेवली नाही. ती तशीच वळली आणि जिना उतरली. कोपऱ्यावरच्या पेटीवर पत्र्याची पट्टी होती: शेवटचं टपाल सहा वाजता. सहाला सात मिनिटं कमी होती. पेटीच्या फटीत तिची बोटं पेरापर्यंत जात होती, पुढे नाही. तरी तिनं ती घालून पाहिली.

टपालवाला सायकलवरून आला, किल्ली लावली, पेटीच्या तोंडाशी गोणी धरली. ती म्हणाली, "दादा, यात एक कार्ड आहे. चुकून टाकलंय. ते मला परत हवंय."

"परत मिळत नाही, बाई."

"समोर आहे हो. हे बघा, ते वरचंच."

"पेटीत पडलं की ते टाकणाऱ्याचं नाही, ज्याच्या नावाचं आहे त्याचं." माणूस वाईट नव्हता; त्यानं हात थांबवला. "तुमची सही आहे का त्यावर?"

"वडिलांची."

"मग त्यांना अर्ज करायला सांगा, सोमवारी, पोस्टमास्तरांकडे. तुम्ही कोण त्यात?"

तिनं गोणीत वाकून पाहिलं. कार्ड दिसत होतं. 'बरोबरी मान्य' हे भावाचं टपोरं अक्षर, आणि खाली डाव्या हातानं ओढलेली, पावसात भिजलेल्या मुंगळ्यासारखी बापाची सही. टपालवाल्यानं गोणीला गाठ मारली आणि तो गेला.

घरी परतल्यावर तिनं भावाला स्वयंपाकघरात बोलावलं. "तो डाव मी जिंकत होते," ती म्हणाली. "सहा चालींत."

"तू म्हणजे?"

"सातव्या चालीपासून मी खेळतेय. बाबांना घोडा कुठे गेला तेही कळत नव्हतं."

भाऊ आधी हसला. मग तिच्याकडे बघून त्यानं दार लोटलं. "ताई, तू लिहायचीस हे सगळ्यांना माहीत आहे. तू किती केलंस त्यांचं, मी नाही म्हणतच नाही. पण आता हे असलं काही बोलू नकोस. म्हाताऱ्याला एवढं एक सुख मिळालंय. तुला काय त्यातून मिळणार?"

"मला विचारायला तरी हवं होतंस."

"बाबांच्या डावाचं तुला काय विचारायचं?" तो म्हणाला. त्याला मनापासून आश्चर्य वाटलं होतं.

तीन महिन्यांनी संघटनेचं त्रैमासिक आलं. त्यात हा डाव पूर्ण छापला होता, इंजिनिअरांच्या टिपांसकट. अकराव्या चालीबद्दल त्यांनी अर्धं पान लिहिलं होतं: शंभर वर्षं मोडीत निघालेली सुरुवात एका शांत चालीनं जिवंत झाली, आणि ही चाल यापुढे 'मास्तर-पद्धत' म्हणून ओळखली जावी. शेवटी लिहिलं होतं, "चोविसाव्या चालीनंतर मी हरलो होतो. बरोबरी सुचवली ती बुडत्याला काडीचा आधार म्हणून. मास्तरांना विजय दिसत असलाच पाहिजे. तरीही त्यांनी बरोबरी मान्य केली. असा दिलदारपणा मी पटावर पाहिलेला नाही."

ताईनं ते वाक्य उभ्यानंच वाचलं आणि मग खाली बसून पुन्हा वाचलं. विजय हुकला, हे तिनं कसंबसं गिळलं होतं. पण आता त्याचा दिलदारपणा झाला होता, आणि तोही दुसऱ्याचा.

तिनं इंजिनिअरांना पत्र लिहिलं. काही लपवलं नाही. सहा चालींचा विजय मांडून दाखवला, अकरावी चाल कशी सुचली तेही लिहिलं. उत्तर दोन आठवड्यांनी आलं, कार्ड नव्हे, बंद पाकीट.

"तुमच्यावर माझा विश्वास बसला," इंजिनिअरांनी लिहिलं होतं. "तुम्ही दिलेल्या सहा चाली मलाही तशाच दिसल्या होत्या. पण तुम्हाला नियम ठाऊक असेल. हे संघटनेला कळलं तर डाव तुमचा ठरणार नाही. वडिलांनी परक्याच्या मदतीनं खेळला म्हणून तो त्यांच्या नावे पराभव लागेल, आणि त्यांचं नाव यादीतून काढतील. माझा अर्धा गुण वाढेल. यंदा अर्ध्या गुणानं माझं पहिलं स्थान हुकलं आहे, ते मला मिळेल. म्हणून ही गोष्ट माझ्या तोंडून निघणं बरं दिसणार नाही. तुम्हाला सांगायची असेल तर तुम्ही सांगा. पत्र मी कुणाला दाखवलेलं नाही."

म्हणजे खरं सांगितलं तर पराभव, गप्प बसलं तर बरोबरी. विजय कुठेच नव्हता. ताईनं पाकीट मेणाच्या डब्यात, वड्यांच्या खाली ठेवलं आणि गप्प बसली.

सार्वजनिक वाचनालयाच्या सभागृहात मास्तरांचा सत्कार झाला. भावानं त्यांना नवा कोट घेतला, चाकाच्या खुर्चीतून व्यासपीठावर नेलं आणि दहा मिनिटं भाषण केलं. बाबांनी आम्हा भावंडांना पटाचे संस्कार दिले, असं तो म्हणाला. अकराव्या चालीचा पट लाकडी चौकटीत मढवून त्यांना देण्यात आला. त्या दिवशी मास्तरांचं डोकं लख्ख होतं. त्यांच्यासमोर माइक धरला तेव्हा ते सावकाश, पण स्पष्ट बोलले.

"माझा हात गेला होता. मी सांगायचो, आणि ही माझी मुलगी लिहायची. एकही आकडा चुकला नाही हो तिचा." त्यांनी डावा हात तिच्याकडे केला. "अक्षर फार चांगलं आहे तिचं. लहानपणापासून."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेजारी बसलेली भावजय म्हणाली, "उठा ना ताई, लोक बघताहेत." ताई उठली आणि आपल्या अक्षरासाठी वाजलेल्या टाळ्या तिनं मान लववून घेतल्या.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी तिनं पट खिडकीखालून उचलून मास्तरांच्या मांडीसमोर टेबलावर ठेवला आणि तो डाव चोविसाव्या चालीपर्यंत मांडला. "बाबा," ती म्हणाली, "अकराव्या चालीला राजा कोपऱ्यात का नेला?"

मास्तरांनी कोपऱ्यातल्या राजावर बोट ठेवलं. "कारण तेच बरोबर होतं," ते म्हणाले.

"का बरोबर होतं?"

"तुला नाही कळायचं."

"बरं. मग आता पुढे काय करायला हवं?"

ते पटावर वाकले. डावा हात मोहऱ्यांवरून फिरला, थांबला, पुन्हा फिरला. आणि खरोखर, बऱ्याच वेळानं, त्यांनी पहिली चाल बरोबर दाखवली. दुसरीही. तिसरीला ते थबकले, पण पुढचं त्यांना दिसलं असावं, कारण त्यांचे डोळे मोठे झाले.

"अगं, हे तर जिंकतोय आपण."

"हो, बाबा."

"सरळ सरळ जिंकतोय!"

"हो."

मास्तरांनी मान वर केली. कपाळावर आठ्या चढल्या. वर्गात चुकीची आकृती काढणाऱ्या मुलांनी पाहिलेल्या आठ्या. "मग बरोबरी का घेतलीस?"

ताईनं कलता झालेला वजीर घरात सरळ केला.

"विचारतोय मी. जिंकलेला डाव, आणि बरोबरी घेतलीस? मला न विचारता? तुझी ती घाई! तेराव्या वर्षी सांगितलं होतं तुला. हातात आलेलं घालवलंस." त्यांनी पट डाव्या हातानं लोटला. एक हत्ती घरंगळत पलंगाखाली गेला.

सही तुमची होती, असं तिला म्हणता आलं असतं. पलंगाखाली वाकून तिनं हत्ती काढला, मोहरे गोळा केले आणि गॅसवर त्यांच्या औषधासाठी पाणी ठेवलं. काडी तीनदा ओढावी लागली. त्या दिवसानंतर तिनं त्यांची सेवा पूर्वीसारखीच केली, पण त्यांच्याशी लागेल तेवढंच बोलली. मास्तरांना तो फरक कळला की नाही, कोण जाणे. पुढच्या हिवाळ्यात त्यांना दुसरा झटका आला आणि दोन दिवसांत ते गेले.

त्रैमासिकानं त्यांच्यावर चार पानं काढली. मास्तर-पद्धत आता बरेच जण खेळू लागले होते आणि जिंकतही होते. दर अंकात कुणाचा तरी डाव यायचा, आणि दर वेळी 'कै. मास्तरांच्या प्रतिभेला वंदन' असं काहीसं खाली असायचं.

ताईनं वर्षभर हे वाचलं. मग एका सकाळी ती पटापाशी बसली, या वेळी काळ्याच्या बाजूनं. खरं काय ते जगाला सांगायचं, तर साक्षीदार हवे होते आणि ते कुणी नव्हते. पण ती चालच चुकीची आहे, हे स्वतःच्या नावानं दाखवायला साक्षीदार लागत नाही. पट स्वतःच साक्ष देतो.

तिला चार महिने लागले. आपलीच चाल ती, तिचा एकेक सांधा तिला माहीत होता. कुठे जोर आहे ते माहीत असलेल्यालाच कुठे पोकळ आहे ते सापडतं. काळ्यानं हावरेपणा सोडायचा. फुकट मिळालेला घोडा बाराव्या चालीलाच परत देऊन टाकायचा आणि वजिराच्या बदल्यात वजीर मारून घ्यायचा. मग हल्लाच उरत नाही, आणि पांढरा राजा कोपऱ्यात फुकटचा बसून राहतो. ज्या दुपारी शेवटची फट सापडली त्या दुपारी तिला आनंद झाला, पण क्षणभरच. ती लॅबच्या मागच्या नळावर गेली आणि बराच वेळ तोंडावर पाणी मारत राहिली.

लेखाला तिनं नाव दिलं, 'मास्तर-पद्धतीचं खंडन'. खाली, आयुष्यात पहिल्यांदा, स्वतःचं नाव घातलं. लेख छापून आला. पुढच्या अंकात इंजिनिअरांची दोन ओळींची टीप होती: विश्लेषण निर्दोष आहे, अकरावी चाल यापुढे खेळता येणार नाही. तिच्या पत्राबद्दल त्यांनी तेव्हाही अवाक्षर काढलं नाही. ती चाल म्हणजे ताईचंच मूल, आणि ते तिनंच मारलं, हे दोघांनाच माहीत होतं.

वाचकांची पत्रं मात्र आली. बापाच्या माघारी बापाचं नाव पुसणारी मुलगी, असं एकानं लिहिलं. दुसऱ्यानं लिहिलं, की टपाल लिहून देणारीला आपण स्वतः खेळाडू असल्याचा भास होऊ लागला. भावानं दुकानातून फोन केला.

"ताई, गेलेल्या माणसाला तरी सोडायचं होतंस."

"मी एका चालीबद्दल लिहिलंय. चूक असेल तर दाखव."

"मला काय कळतंय त्यातलं? लोक मला विचारतात. काय सांगू मी?"

"सांग की बहिणीचं अक्षर चांगलं आहे," ती म्हणाली आणि फोन ठेवला. त्यानंतर तो आला नाही. भावजय एकदा येऊन मढवलेला पट घेऊन गेली.

त्या वर्षी ताईनं टपाली स्पर्धेचा अर्ज भरला, स्वतःच्या नावानं. अकरा जणांत पाचवी आली, पहिल्या खेपेला काही वाईट नाही. त्रैमासिकात निकाल छापला तेव्हा तिच्या नावापुढे कंसात 'कै. मास्तरांची कन्या' असं होतं. तिनं संपादकांना कार्ड टाकलं, की कंसातला मजकूर पुढच्या वेळी काढावा. त्यांनी तत्परतेनं आणि अदबीनं कळवलं, की आपली भावना समजते, पण त्याशिवाय आपण कोण हे वाचकांना कळणार नाही.

पुढच्या वर्षी तिनं अर्ज भरला नाही.